कोल्हापुरात अर्धा दिवस आहे: टाऊन हॉल म्युझियम बघू की न्यू पॅलेस?

आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांचं ठरलेलं असतं, सकाळी अंबाबाई, दुपारी तांबडा-पांढरा, संध्याकाळी रंकाळा, आणि मधे जे दोन-तीन तास उरतात त्यात "एखादं म्युझियम बघू, कुठलं चांगलं?" असं विचारतात. बहुतेक जण न्यू पॅलेसला जाऊन येतात आणि खूश असतात, त्यात चूक काहीच नाही. पण तुम्हाला राजघराणं बघायचंय की हे शहर कुठून आलं ते बघायचंय, हे आधी ठरवा, कारण दोन्हीकडे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शहर बघायचं असेल तर माझं मत सरळ टाऊन हॉलला.

गंमत म्हणजे दोन्ही इमारतींचा आर्किटेक्ट एकच माणूस, मेजर चार्ल्स मॅंट. टाऊन हॉल आधीचा, १८७२ ते ७६ मधला, उंच उतरत्या छपरांचा, एकदम गॉथिक. न्यू पॅलेस १८८४ ला पुरा झाला आणि त्यात मात्र जैन मंदिरांची नक्षी, गुजरात-राजस्थानच्या कमानी, आपल्याकडच्या वाड्याची ठेवण असं सगळं काळ्या दगडात एकत्र आणलंय. नुसत्या इमारतीच बघायच्या असतील तर पॅलेस सरस आहे, त्यात वादच नाही.

पॅलेसच्या आत छत्रपती घराण्याची शस्त्रं, हौदे, पोशाख, जुने फोटो, शिकारीतले भुसा भरलेले वाघ-बिबटे, आणि दरबार हॉल. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांवर शिवाजी महाराजांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत, तिथे उजेड असताना दहा मिनिटं नुसतं उभं राहावं. शाहू महाराजांबद्दल ज्यांना आस्था आहे, म्हणजे १९०२ ला नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखीव ठेवणारा राजा कसा राहत होता हे ज्यांना बघायचंय, त्यांनी पॅलेस चुकवू नये. मुलं बरोबर असतील तरी पॅलेसच. माझा भाचा वाघासमोरून हलेना, आणि दुसऱ्या दिवशी टाऊन हॉलमधल्या खापरांसमोर मात्र पाच मिनिटांत "मामा, चला ना" सुरू झालं. गर्दी असते, तिकीट टाऊन हॉलपेक्षा जास्त आहे, आत फोटो काढू देत नाहीत, हे धरून चला.

पण पॅलेसमधलं कोल्हापूर मराठेशाहीच्या अलीकडचं. त्याआधी इथे काय होतं? याचं उत्तर सीपीआर हॉस्पिटलजवळच्या टाऊन हॉलमध्ये आहे.

पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे, आज तिथे साधी वस्ती आहे, येता-जाता कोणी मान वळवून बघत नाही. १९४४-४५ च्या सुमाराला राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदनगार यांनी तिथे खणायला घेतलं आणि ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला, मग १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी पद्धतशीर उत्खनन केलं. खाली सातवाहन काळातली विटांची घरं निघाली, त्यावरच्या थरांत बहामनी काळातल्या रंगीत काचेच्या बांगड्या. म्हणजे आपण ज्याला जुनं कोल्हापूर म्हणतो त्याच्याही खाली दोन हजार वर्षांपूर्वीचं एक नांदतं गाव आहे. या वस्तू ठेवायला म्हणूनच १९४६ ला म्युझियम सुरू झालं आणि १९४९ ला ते टाऊन हॉलमध्ये आलं.

तिथली सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे पोसायडनची मूर्ती, ग्रीकांचा समुद्रदेव, ब्राँझचा, वीतभरही नाही. हातातलं त्रिशूळ आता नाही पण उभं राहण्याची ऐट तशीच आहे. समुद्र कोल्हापूरपासून घाट उतरून पलीकडे, मग हा देव पंचगंगेच्या काठी कसा? तर रोमन जहाजं कोकणातल्या बंदरांना लागायची, तिथून माल घाटवाटांनी वर यायचा, आणि ब्रह्मपुरीत असा माल विकत घेणारी माणसं राहत होती. त्याच साठ्यात हत्तीवर बसलेल्या स्वारांची छोटी ब्राँझ मूर्ती आहे, ती आपल्या मातीतली, बसण्याची ढब अगदी ओळखीची वाटते. पोसायडन बघून लगेच पुढे जाऊ नका, या हत्तीपाशी थांबा, मला तर तोच जास्त आवडतो. शिवाय कोल्हापुरात विळिवायकुर नावाच्या राजाची शिशाची नाणी मिळालीत, आणि टॉलेमी या प्राचीन ग्रीक भूगोलकाराच्या ग्रंथात याच नावाशी जुळणारा बलेओकुरोस नावाचा राजा येतो, म्हणजे इथल्या राजाचं नाव थेट भूमध्य समुद्रापर्यंत पोचलं होतं असं अभ्यासक मानतात. हे वाचून गेलात तर छोट्या कपाटांतल्या वस्तू एकदम बोलायला लागतात.

उणिवा सांगायच्या तर, टाऊन हॉलमध्ये माहितीचे फलक तोटके आहेत, जागा लहान आहे, आणि तयारीशिवाय गेलं की वीस मिनिटांत माणूस बाहेर येतो. वीरगळ (म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मृतिशिळा), तोफा, आबालाल रहिमान आणि बाबुराव पेंटर यांच्यासारख्या कोल्हापूरच्या चित्रकारांची चित्रंही आहेत, चित्रांसाठी वेगळा वेळ ठेवा. बाहेरची बाग आणि जुनी झाडं मस्त, आईवडील बरोबर असतील तर त्यांना तिथे बसवून तुम्ही निवांत बघू शकता.

दोन्ही करायचंच असेल तर आधी टाऊन हॉल, मग पॅलेस, उलटं नको, कारण पॅलेसच्या झगमगाटानंतर मातीचं खापर डोळ्यांत भरत नाही. आणि फक्त एकच जमणार असेल, मुलं बरोबर नसतील, तर पॅलेस सोडा आणि टाऊन हॉल बघून ब्रह्मपुरीकडे चालत जा, फार लांब नाही. सोमवार मात्र टाळा, टाऊन हॉल बंद असतो. घाटावर पोचलात की नदीकडे पाठ करून टेकडीकडे बघा, मगाशी काचेमागे बघितलेला तो देव त्या घरांच्या खालून वर आलाय.