1930 चं घड्याळ आणि 1953 चा काटा

खोकं मी एकटीने उचलून आत आणलं, तिथेच खरं तर पाल चुकचुकायला हवी होती. हातभराहून मोठी तबकडी, दोन्ही बाजूंनी वेळ दाखवणारं, लोखंडी चौकटीचं जुनं स्टेशनचं घड्याळ म्हणजे दोन माणसांचं काम. पण मी आपली पॅकिंगचं कौतुक करत बसले!

दिवाणखान्यातली उंच भिंत रिकामी होती आणि मला जुन्या कारखानी वस्तूंचं वेड. ऑनलाइन जाहिरातीत हे दिसलं. गंजकी कड, पांढरी तबकडी, आकड्यांऐवजी काळ्या पट्ट्या आणि टोकाला गोल चकती असलेला लाल सेकंद काटा. '1930 च्या दशकातलं मूळ स्विस स्टेशन घड्याळ, पुनरुज्जीवित' असं खाली लिहिलेलं. मी फोन केला. विक्रेत्याने अर्धा तास गोष्ट सांगितली. स्टेशनची इमारत पाडली, घड्याळ भंगारात निघालं होतं, त्याने ते वाचवलं, महिनोन्महिने घासलं. शेवटी म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक संध्याकाळपर्यंत पैसे टाकतंय, पण मॅडम, तुम्हाला या वस्तूची कदर आहे म्हणून थांबलोय." कदर आहे म्हटल्यावर मी विरघळले. सगळी रक्कम आगाऊ, थेट खात्यात.

आत क्वार्ट्झ मशीन बसवलंय हे त्याने आधीच सांगितलं होतं आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्टेशनवरची अशी विजेची घड्याळं स्वतः वेळ मोजतच नाहीत. एक मुख्य घड्याळ दर मिनिटाला, काही पद्धतींत दर अर्ध्या मिनिटाला, विजेचा ठोका पाठवतं आणि फलाटांवरचे सगळे काटे एकदम पुढे सरकतात. घरात ते मुख्य घड्याळ कुठून आणणार? मग एक तर तसे ठोके देणारं सर्किट जोडायचं, नाही तर मशीनच बदलायचं. सचोटीचा कारागीर यातलं काय केलं ते सांगतो आणि काढलेलं जुनं मशीन पिशवीत घालून सोबत देतो. मी ते मागितलं, तर "ते केव्हाच भंगारात गेलं." हे उत्तर मी निमूट गिळलं.

चारच दिवसांत मिनिट काटा रुसला. बारापासून सहापर्यंत झरझर उतरायचा आणि वर चढताना पावणेच्या आसपास दम टाकायचा. काटा लांब आणि जड, मशीन टेबलावरच्या घड्याळातलं. ओळखीच्या घड्याळवाल्या काकांना बोलावलं. त्यांनी मशीनला हातही लावला नाही, नुसते समोर उभे राहिले.

"ताई, कुठल्या सालचं म्हणाला तो?"

"1930 च्या आसपासचं."

काका हसले. ही तबकडी हान्स हिल्फिकर नावाच्या स्विस रेल्वेच्या इंजिनिअरने आखली, 1944 मध्ये. तेव्हा तिला सेकंद काटाच नव्हता. गाडी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातातल्या इशाऱ्याच्या गोल चकतीसारखा तो लाल काटा आला 1953 मध्ये. खरा काटा साधारण साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पुरी करतो आणि मिनिटाचा ठोका येईपर्यंत बारावर क्षणभर थांबतो. "आपला थांबतोय का बघा." दोघं खुर्च्या ओढून बसलो. दोन मिनिटं, तीन मिनिटं. लाल चकती लोण्यावरून घसरावी तशी बारावरून घसरत गेली, एकदाही थबकली नाही.

मग मी भिंग आणलं. काळ्या पट्टीच्या कडेला छपाईचे बारीक ठिपके दिसले. तबकडी एनॅमलची असती तर तसं दिसलं नसतं; एनॅमल म्हणजे धातूवर भाजून बसवलेली काच. तिचा टवका उडाला तर कड काचेसारखी तुटते. इथे नख घातलं तर कागदासारखा कोपरा सुटून आला. ओल्या फडक्याने कड पुसली, तर फडकं तपकिरी झालं आणि खालून नवाकोरा चमकदार पत्रा निघाला. खरा गंज सांध्यांत, स्क्रूंच्या बुडाशी, पाणी साचतं तिथे पत्रा खातो. हा तिखट भुरभुरावं तसा सगळीकडे सारखा. तबकडी सोडवून आत पाहिलं, तर तारा आत यायला भोक नाही, त्या जोडायची पट्टी नाही, जुनं मशीन बसवल्याची एक खूण नाही. हा आतला फोटो मी घेण्याआधी मागितला असता तर? पण मला फक्त दर्शनी भाग आवडला होता.

विक्रेता आधी गोड बोलला, मग म्हणाला, "बिल वाचा." बिलावर होतं 'स्टेशन शैलीचं सजावटी घड्याळ'. मूळ, स्विस, 1930 हे सगळं फोनवर आणि जाहिरातीत. जाहिरात तोवर उतरवलेली. तिचा स्क्रीनशॉट काढायला मला अर्धा मिनिट लागलं असतं, तो मी काढला नव्हता. पैसे अडवून धरता येतील अशा मार्गाने दिलेच नव्हते, त्यामुळे तेही दार बंद. रक्कम अक्कलखाती जमा.

घ्यायच्या विचारात असाल तर आतला फोटो, सलग दोन मिनिटांचा चालत्या काट्यांचा व्हिडिओ आणि काळ व 'मूळ' हा शब्द बिलावर लिहून मागा. टाळाटाळ झाली की फोन ठेवा. मशीन बदललेलं असेल तर तेही बिलावर येऊ द्या.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो माझ्याच घड्याळाचा. दशक मात्र बदललंय, आता 1940 चं लिहिलंय. लाल काटा जागच्या जागी आहे. या वेळी स्क्रीनशॉट काढलाय.