खान्देशातल्या क्रिएटर कम्युनिटीसाठी कोणतं अ‍ॅप? आठ महिने तिन्ही वापरल्यावर

अहिराणी कॉमेडीचे रील, भरीत-शेवभाजीचे व्हिडिओ, केळीबागेची माहिती देणारी चॅनेलं. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या अशा मंडळींची कम्युनिटी वॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम आणि डिस्कॉर्ड (गेमिंगवाल्यांत जास्त चालणारं चॅटचं अ‍ॅप) यांवर आठ महिने चालवली. आता सूचना वॉट्सअ‍ॅपवर जातात, काम टेलिग्रामवर होतं. डिस्कॉर्ड बाजूला पडलं.

वॉट्सअ‍ॅप सुटत नाही. अमळनेरपासून धडगावपर्यंत ज्याच्या त्याच्या फोनमध्ये ते आहे आणि मराठीतही चालतं. पण साध्या ग्रुपमध्ये (मर्यादा १०२४) प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. रेसिपी टाकणाऱ्या ताईंना अनोळखी माणसांचे फोन येऊ लागतात ते इथूनच. त्यामुळे ग्रुपऐवजी वॉट्सअ‍ॅपची 'कम्युनिटी' (अनेक ग्रुप एका छताखाली ठेवणारी सोय) काढा आणि तिचा घोषणांचा ग्रुप तेवढा चालू ठेवा. तिथे सदस्यांचे नंबर एकमेकांपासून झाकलेले राहतात, अ‍ॅडमिनला मात्र दिसतात. उपग्रुपमध्ये शिरलं की तो पडदा गेला, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं. २०२३ मध्ये आलेल्या वॉट्सअ‍ॅप चॅनेलवर नंबराची भीती नाही, पण तिथे बोलणं एकतर्फी. लोक इमोजी टाकून मोकळे.

खरी अडचण फायलींची. फोनवर घेतलेला एका मिनिटाचा १०८० पी व्हिडिओ साधारण १०० ते १५० एमबी भरतो. वॉट्सअ‍ॅपवर तो गॅलरीतून पाठवला की दाबून लहान होतो आणि एडिटरच्या हाती धुरकट क्लिप पडते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. मात्र वेळेत डाउनलोड केला नाही, तर काही दिवसांनी पाठवणाऱ्याकडे पुन्हा मागावा लागतो. आणि ज्याने केला त्याचा ६४ जीबीचा फोन महिन्यात भरतो.

टेलिग्राम इथे जिंकतं. फाइल २ जीबीपर्यंतच, पण ती क्लाउडवर राहते. फोनमधली कॅशे (तात्पुरती साठवलेली प्रत) पुसा, हवी तेव्हा पुन्हा उतरवा. पेपरक्लिपचं चिन्ह दाबून 'फाइल' निवडायची. गॅलरीतून नुसती पाठवली तर इथेही दाबली जाते. 'डेटा अँड स्टोरेज'मध्ये ऑटो-डाउनलोड पहिल्याच दिवशी बंद करायला लावा, नाहीतर सातपुड्याच्या पायथ्याला रेंज शोधत बसलेल्या माणसाचा दिवसाचा डेटा सकाळीच संपतो.

ग्रुप काढल्यावर एडिटमध्ये जाऊन 'टॉपिक्स' (एकाच ग्रुपमधले विषयवार कप्पे) चालू करा. चार-पाच पुरेत: कच्चे व्हिडिओ, थंबनेल, अहिराणी शब्द, पैसे आणि जाहिराती, गप्पा. गप्पांचा टॉपिक वेगळा हवाच. नाहीतर कानबाईच्या सणाच्या आठवड्यात शुभेच्छांच्या पुरात थंबनेलवरची चर्चा बुडते. सदस्यांच्या परवानग्यांमध्ये लिंकचं प्रिव्ह्यू ('एम्बेड लिंक्स') बंद आणि स्लो मोड (एकाच माणसाच्या दोन मेसेजमधलं सक्तीचं अंतर) ३० सेकंद. इनव्हाइट लिंकवर अ‍ॅडमिनची मंजुरी ठेवा.

नंबर लपवणं ज्याचं त्यालाच करावं लागतं: सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, फोन नंबर, आणि तिथे 'नोबडी'. शेजारीच 'ग्रुप्स अँड चॅनेल्स'मध्ये 'माय कॉन्टॅक्ट्स' केलं की ट्रेडिंगच्या नावाखाली चालणाऱ्या फसव्या ग्रुपांत कुणी परस्पर ओढत नाही. अ‍ॅडमिनचा फोटो आणि नाव लावून पैसे मागणारे तोतये टेलिग्रामवर फार. 'अ‍ॅडमिन खासगीत पैसे मागणार नाही' हा मेसेज पिन करून ठेवा. शिवाय साध्या चॅटना आणि ग्रुपना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (पाठवणारा आणि घेणारा सोडून कुणालाच वाचता न येणं) नाही, ते फक्त सीक्रेट चॅटला आहे. बँकेचे तपशील, ब्रँडचे करारनामे ग्रुपात नकोतच.

शोधाची एक गंमत. अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'. 'कथा जाई ऱ्हायना भो?' हा संवाद शोधायला 'कथा' टाकलं की गोष्टींच्या सगळ्या पोस्टही वर येतात. त्यात कुणी देवनागरीत लिहितं, कुणी रोमनमध्ये. उपाय एकच: ठरलेले सात-आठ हॅशटॅग, एकाच स्पेलिंगचे, प्रत्येक टॉपिकच्या वर पिन केलेले.

डिस्कॉर्ड वाईट नाही. रोल (सदस्यांचे अधिकारानुसार गट), फोरम चॅनेल (विषयवार चर्चेची जागा), ऑटोमॉड (नको ते मेसेज आपोआप अडवणारी सोय) यांत ते दोघांच्याही पुढे आहे. पण मोफत खात्याला फाइलची मर्यादा १० एमबी, म्हणजे वरच्या हिशेबाने पाच सेकंदांचा व्हिडिओ. अ‍ॅप मराठीत नाही, आणि सर्व्हर, चॅनेल, रोल हे समजावताना नवखा माणूस पहिल्याच दिवशी गळतो. ऑटोमॉडच्या तयार याद्यांना अहिराणी शिव्या कळत नाहीत, त्या देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही रूपांत आपणच भरायच्या. गेमिंगची किंवा एडिटरांची छोटी टोळी असेल तरच घ्या.

मालकी आधीच ठरवा. टेलिग्राम ग्रुप दुसऱ्याच्या नावावर करायचा तर मालकाच्या खात्यावर टू-स्टेप व्हेरिफिकेशन (लॉगिनला कोडसोबत लागणारा वेगळा पासवर्ड) किमान सात दिवस आधीपासून चालू असावं लागतं. भांडण झाल्यावर किंवा फोन चोरीला गेल्यावर हे सात दिवस कुठून आणणार? मोफत स्वागत-बॉटला (नव्या सदस्यांचं आपोआप स्वागत करणाऱ्या प्रोग्रामला) अ‍ॅडमिन करताना मेसेज पुसणं आणि सदस्य काढणं एवढेच अधिकार द्या, बाकी सगळे बंद. आणि महिन्यातून एकदा ग्रुपच्या मेन्यूतून 'एक्स्पोर्ट चॅट हिस्टरी' करा. ही सोय कॉम्प्युटरवरच्या टेलिग्राम डेस्कटॉपमध्ये मिळते. तेवढ्यापुरता कुणाचा तरी लॅपटॉप मागून आणावा लागला तरी चालेल.