बालाघाटातला मुरूम, येडशीची जुनी रेल्वेवाट आणि माझी एमटीबी: तिन्ही ऋतू काढल्यानंतर

धाराशिवसारख्या गावात एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची माउंटन बाइक, घेऊन करायचं काय, असं विचारणारे पुष्कळ भेटतात. माझं म्हणणं असं, की घ्या, पण दुकानात जे दाखवून विकतात त्यासाठी घेऊ नका. दुकानात पहिल्यांदा पुढचा शॉकअप दाबून दाखवतात. मागच्या दसऱ्याला घेतलेल्या सायकलवर हिवाळा, उन्हाळा आणि आता पावसाळा काढल्यावर सांगतो, आपल्याकडे त्या शॉकअपचं काम सगळ्यात कमी. खरं काम टायरांचं आणि त्यातल्या हवेचं.

सायकल साधी आहे. अ‍ॅल्युमिनियमची हार्डटेल (म्हणजे मागे शॉकअप नसलेली), २९ इंची चाकं, पुढे १०० मिलिमीटर दबणारा स्प्रिंगचा फोर्क (तोच तो शॉकअप), पुढे दोन आणि मागे आठ गियर, तेलाच्या दाबावर चालणारे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. वजन साडेचौदा किलोच्या आसपास, किंमत तीस हजारांच्या थोडी वर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या किमतीत तीन-चार कंपन्यांचा माल जवळजवळ सारखाच असतो.

शहरापासून धाराशिव लेणी आठेक किलोमीटरवर. तिकडचा रस्ता सकाळचे पाय मोकळे करायला ठीक. हातलाईच्या डोंगरावर सुटे दगडगोटे आहेत, तिथं फोर्क थोडाफार कामाला येतो. पण माझी खरी आवड येडशीकडची जुनी नॅरोगेजची, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेची वाट. तिच्याबद्दल जरा सविस्तर लिहितो.

कुर्डुवाडी ते लातूर ही बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने अडीच फुटी रुळांवर ती उभी केली. १८९७ मध्ये गाडी बार्शीला आली, १९११ मध्ये लातूरला पोचली. (याच गृहस्थाने पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. कुठं बार्शी, कुठं पॅराशूट!) जुनी गाडी धाराशिव शहराला बाजूला ठेवून येडशीवरून जायची. ब्रॉडगेज करताना मार्ग शहराकडून वळवला, त्यामुळे जुन्या मार्गाचा काही पट्टा तसाच मागे राहिला. रूळ केव्हाच उचलून नेले. उरला तो मुरमाचा भराव, मधेमधे खडी, घडीव दगडाच्या मोऱ्या आणि डोंगर कापून काढलेल्या अरुंद खिंडी.

सायकलसाठी ही वाट चांगली का, ते घाटाच्या डांबरी रस्त्याशी ताडून पाहा. इंजिनाला उभा चढ झेपत नाही, म्हणून रेल्वेचा चढ लांबलचक पण मवाळ ठेवतात. सीटवरून न उठता, मधल्या गियरवर, एका लयीत डोंगर चढता येतो. दम लागतो पण छाती फुटत नाही. नॅरोगेजला वळणं जरा आवळून घेता येतात, म्हणून वाट डोंगराच्या कडेकडेने फिरत जाते आणि दर वळणाला खालचं रान नव्याने दिसतं. उतरताना ब्रेकला फारसं काम पडत नाही. नव्या माणसाला एमटीबी शिकवायची असेल तर मी हातलाईच्या डोंगरावर नेणार नाही, इथं आणेन.

सलग वाट मात्र मिळेल असं समजू नका. काही ठिकाणी भराव फुटलाय, काही ठिकाणी बाभळी माजल्यात, काही ठिकाणी रानात पीक उभं आहे. पीक दिसलं की मुकाट्याने बांधावरून सायकल हातात धरून जायचं. एकदा एका आजोबांनी हटकलं, "कुठं निघालाव?" म्हटलं, जुनी रेल्वे बघत चाललोय. तर म्हणाले, "बघायला काय ऱ्हायलंय आता? बार्शीच्या बाजाराला ह्याच गाडीनं जायाचो आम्ही." मग पाणी प्यायला लावूनच सोडलं.

रामलिंगाच्या बाजूला येडशी रामलिंग घाट अभयारण्य आहे. तिथं वन खात्याच्या माणसाला विचारल्याशिवाय आत सायकल घालू नका, आणि ठरलेली वाट सोडू नका. श्रावणात, त्यातून सोमवारी, तिकडे फिरकूच नका. गर्दीत सायकल ढकलायलाही जागा नसते. देवळापाशी माकडं आहेत, केळी खिशात ठेवली तर खिसा तुमचा राहत नाही. आणि चालू ब्रॉडगेजच्या रुळांकडेने जाण्याचा शहाणपणा कुणी करू नये.

आता टायर. सायकलीबरोबर आलेले टायर ट्यूबवाले होते आणि पहिल्या हिवाळ्यात पंक्चर काढण्यातच रविवार गेले. बाभळीचा काटा तर आहेच, पण सराटा त्याहून वाईट, कारण तो दिसत नाही. सोयाबीन निघाल्यावर उरलेली धसकटं आणि तुरीची खुंटं टायरच्या बगलेत घुसतात. तिथं रबर पातळ असतं. शेवटी २.२५ इंची ट्यूबलेस टायर बसवले, आत सीलंट, म्हणजे बारीक भोकं आपोआप बुजवणारा द्रव, ओतलं. तेव्हापासून सराट्याचा त्रास जवळपास संपला. बगल फाटली तर मात्र सीलंटचा इलाज चालत नाही, म्हणून एक ट्यूब सोबत ठेवतोच. दुसरा फायदा मला मोठा वाटतो: ट्यूबवर हवा चाळीस-पंचेचाळीस पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेवावी लागायची, आता तीसच्या आसपास चालते. खडीवर हाताला बसणारे हादरे त्यानेच निम्मे झाले. जे काम फोर्कने करायचं ते टायरने केलं. आपल्या उन्हात सीलंट लवकर सुकतं हे लक्षात असू द्या. इतर ऋतूंत दोन-तीन महिने चालतं, एप्रिल-मेमध्ये त्याआधीच बघावं लागतं.

ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह बारीक असतो, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरला बसत नाही. पितळी अडॅप्टर मिळतं, अगदी किरकोळ पैशाचं. ते खिशात असलं की ढोकीत असो की मुरूडमध्ये, कुठंही हवा भरता येते.

पावसाळ्यात मुरमावर खुशाल चालवा, काळ्या रानात नको. काळी माती टायर आणि फोर्कच्या मधे अशी भरते की चाक फिरायचंच थांबतं, आणि मग साडेचौदा किलोची सायकल वीस किलोची होऊन खांद्यावर येते. गियर, ब्रेक, टायर, काहीच उपयोगाचं नाही. वाट मुरमाची असेल तरच निघायचं.

उन्हाळ्यात आठच्या आत घरी. पाणी दोन बाटल्या तरी हवं. ज्या मार्गाच्या ब्रॉडगेजवरून २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आणावं लागलं, त्या भागात 'वाटेत मिळेल' म्हणून निघू नये.

चेनला घट्ट तेल घालू नका. मुरमाची धूळ त्यात बसून चेन आणि दाते दोन्ही घासून काढते. मेणाचं सुकं वंगण वापरतोय, चेन अजून मापात आहे, ताणलेली नाही. ब्रेकची तक्रार नाही. मात्र हायड्रॉलिकमध्ये हवा शिरली तर गावात तो ब्रेक उघडणारा कुणी नाही. जिथून सायकल घेतली त्या दुकानाने 'सर्व्हिस फ्री' म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात सोलापूर गाठावं लागलं. फोर्क आता कुरकुरतो. लॉक करूनच चालवतो, फारसा फरक पडत नाही.

सध्या मागच्या टायरची नक्षी मधोमध सपाट झालीय. दिवाळीच्या आत पुढचा टायर मागे घेऊन नवा पुढे टाकणार आहे. झिजतो मागचा असला तरी खडीवर वळताना पकड पुढच्याचीच लागते.