लेकीच्या मनगटाची सोनोग्राफी, लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडचा अनुभव

माझी लेक ७ वर्षांची, एका रविवारी सायकलवरून पडली ती थेट हातावरच. मनगट सुजलं, कुणाला हात लावू देईना. जवळच्या एका दवाखान्यात नीट न बघताच मुरगळलंय म्हणून क्रेप बँडेज गुंडाळून घरी पाठवलं आणि पोर रात्रभर कण्हत होती, त्याचा राग अजून जात नाही.

सकाळी लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. वाटलं एक्सरे लिहून देतील, तर त्यांनी सोनोग्राफीचं मशिनच जवळ ओढलं. मी म्हटलं डॉक्टर सोनोग्राफी तर पोटाची असते ना, हाड कसं दिसणार? म्हणाले, हाडाच्या आतलं नाही दिसत, पण वरची कड पांढऱ्या रेषेसारखी दिसते, तेवढं पुरतं. जेलचा चांगला जाड थर लावला, त्यामुळे प्रोब (अंगावर फिरवतात तो मशिनचा भाग) दाबावा लागलाच नाही. आधी चांगला हात बघितला, रेष सरळ, मग दुखरा, तिथं रेषेला मधेच टेंगूळ! बकल फ्रॅक्चर. मुलांचं हाड मऊ असतं, काडकन मोडण्याऐवजी एका बाजूनं दबून फुगतं. लेक स्वतः स्क्रीनकडे बघत बसली होती, एकदाही रडली नाही, मला तिथंच धीर आला.

प्लास्टर नाही, ३ आठवडे काढता-घालता येणारा स्प्लिंट, म्हणजे मनगटाला आधार देणारा पट्टा. आता चौथा आठवडा चालू आहे, हात मस्त वळतोय.

घरी येऊन वाचलं तर ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमध्ये ५ ते १५ वर्षांच्या २७० मुलांवर हाच अभ्यास झालाय, २०२३ मध्ये छापून आला, आधी सोनोग्राफी केलेल्या मुलांचा हात ४ आठवड्यांनी एक्सरेवाल्यांइतकाच चालत होता. पण हाड सरकलेलं वाटलं तर एक्सरे लागतोच, हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, ते मला फार आवडलं. आमच्या आधी एक लंगडणारा छोटा मुलगा होता, त्याच्या खुब्यात पाणी झालेलं त्यांना याच मशिनवर दिसलं.

दीड तास बसावं लागलं, तेवढं मात्र खटकलं. आणि प्रत्येक सोनोग्राफी मशिनची पीसीपीएनडीटी म्हणजे गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली नोंदणी करावी लागते, हाडांच्या सगळ्याच डॉक्टरांकडे ते नसतं, म्हणून फोन करून विचारूनच जा. मुलीच्या हातात बांगड्या असतील तर सूज चढायच्या आत घरीच काढा.