खालच्या दाढेचा ब्रिज : आठ-नऊ महिने वापरल्यानंतर

डावीकडची खालची मोठी दाढ काढून बराच काळ लोटला होता. दुखत काही नव्हतं, उजवीकडून जेवायची सवयही झाली होती. पण मागची दाढ मोकळ्या जागेकडे कलायला लागली होती आणि वरची खाली उतरत होती. ठाण्यात नौपाड्यातल्या डेंटिस्टनी एक्स-रेवर ते दाखवलं, तेव्हा तीन दातांचा झिरकोनिया (पांढरं, कणखर सिरॅमिक) ब्रिज करून घेतला, म्हणजे दोन्ही शेजारच्या दातांवर कॅप आणि त्यांना जोडलेला मधला खोटा दात.

ब्रिज की इम्प्लांट, हा घोळ सगळ्यांचाच होतो. इम्प्लांटमध्ये (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात) शेजारच्या दातांना हात लागत नाही, पण खर्च जास्त आणि स्क्रू हाडात धरेपर्यंत साधारण तीन ते सहा महिने थांबायचं. माझ्या मागच्या दाढेचं रूट कॅनॉल झालेलं होतं, तिला कॅप लागणारच होती. मोकळ्या जागेच्या पुढचा दात मात्र ठणठणीत. तो चारही बाजूंनी घासून बारीक करून घेणं अगदी जिवावर आलं, कारण गेलेलं एनॅमल परत येत नाही. दोन्ही शेजारी दात चांगले असतील, त्यात वयही कमी असेल, तर मी तरी ब्रिजला सहज हो म्हणणार नाही.

भूल, माप, तात्पुरता ब्रिज, मग आठवड्याभरात पक्का. मधल्या दिवसांत घासलेल्या दाताला गार पाणी झोंबायचं, तेवढंच. पक्का बसवताना निळा कागद चावायला देऊन उंची तपासतात. तरी खरी परीक्षा घरी पहिल्या पोळीला होते. मला ती बाजू आधी टेकतेय असं वाटलं. पुन्हा जाऊन जरासं घासून घेतलं, तेव्हा जमलं. आता भाकरी, चकली, मामलेदारच्या मिसळीतलं फरसाण, सगळं डावीकडून चालतं. सुपारी आणि बर्फ मात्र बंद.

खरं काम आहे ते साफसफाईचं. मधला दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो, त्याखाली मेथीची पानं आणि दाण्याचं कूट हमखास अडकतं. तिन्ही दात जोडलेले, त्यामुळे साधा फ्लॉस वरून जात नाही. सुपरफ्लॉस लागतो : त्याचं कडक टोक सुईत दोरा ओवावा तसं बाजूने घालायचं आणि मधला फुगीर भाग ब्रिजखालून पुढेमागे फिरवायचा. सुरुवातीला आरशासमोर नुसती चिडचिड व्हायची, आता रात्रीच्या बातम्या बघताना होऊन जातं. याचा कंटाळा येणार असेल तर ब्रिज करूच नका. झिरकोनिया किडत नाही, पण त्याच्या कडेखालचा आपला दात किडतो. आणि रूट कॅनॉल झालेल्या दाढेची नसच काढलेली, त्यामुळे आत कीड लागली तरी ठणका लागून कळेल याचा भरवसा नाही. म्हणून मी दर सहा महिन्यांनी दाखवायचं ठरवलंय.

मेडिक्लेममधून काही मिळालं नाही. लॅबचं वॉरंटी कार्ड मात्र मागून घ्या आणि त्यातल्या अटी तिथेच वाचा. माझ्या कार्डात ब्रिज तुटला तर भरपाई आहे, कॅपखालचा आपला दात गेला तर नाही.