कार्डियामोबाइल ६एल : धडधड चालू असतानाच तिची नोंद

छातीत धडधड सुरू होते आणि डॉक्टरांसमोर बसेपर्यंत ती थांबलेली असते, ही रुग्णांची जुनीच तक्रार आहे. दवाखान्यातला ईसीजी काही सेकंदांचा असतो, सतत ईसीजी नोंदवणारे होल्टर यंत्र बहुधा एक-दोन दिवसच अंगावर राहते, आणि महिन्यातून एखाद्या वेळी येणारी धडधड नेमकी त्याच दिवसांत येईल याची खात्री कोण देणार? अलाइव्हकोर कंपनीचे कार्डियामोबाइल ६एल हे खिशात मावणारे यंत्र ही अडचण बऱ्याच अंशी दूर करते. मात्र त्याच्याकडून काय मागायचे हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

चपट्या पट्टीसारख्या या यंत्राच्या वरच्या बाजूला दोन आणि खालच्या बाजूला एक असे तीन इलेक्ट्रोड आहेत. खुर्चीत बसून खालचा इलेक्ट्रोड डाव्या गुडघ्याच्या किंवा घोट्याच्या उघड्या त्वचेवर टेकवायचा, वरच्या दोन्हींवर दोन्ही हातांचे अंगठे ठेवायचे आणि ३० सेकंद स्वस्थ बसायचे. तेवढ्यात ब्लूटूथमार्फत आलेख फोनवर उमटतो. दोन हात आणि डावा पाय ही जोडणी आइन्थोव्हेन यांच्या काळापासूनची आहे. ईसीजीच्या कार्यासाठी १९२४ चे नोबेल मिळालेल्या या शास्त्रज्ञाच्या प्रयोगात रुग्णाला हात-पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसावे लागे. तिसऱ्या इलेक्ट्रोडमुळे एकाऐवजी सहा लीड, म्हणजे हृदयातील विद्युत्-लहरींकडे पाहण्याच्या सहा दिशा मिळतात, आणि त्यांपैकी दुसऱ्या लीडमध्ये पी तरंग (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची आलेखातील छोटी लहर) सहसा अधिक ठळक दिसतो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हे वरचे कप्पे अनियमितपणे थरथरतात त्या विकारात, हाच तरंग नाहीसा होतो आणि ठोक्यांमधील अंतराला कोणताही ताळमेळ राहत नाही, त्यामुळे माझ्या मते एका लीडच्या यंत्रापेक्षा हे घेणे श्रेयस्कर.

नोंद चांगली येणे मात्र बरेचसे आपल्या हातात असते. अंगठे जोरात दाबले की स्नायूंचे सूक्ष्म कंप आलेखात मिसळतात आणि मूळ रेषा केसाळ दिसू लागते. त्वचा फार कोरडी असली तरी तेच होते. हात मांडीवर टेकवून, अंगठे अलगद ठेवून आणि न बोलता घेतलेली नोंद लक्षणीय स्वच्छ असते.

आलेख पुरा होताच अ‍ॅप आपला शेरा देते : सामान्य, संभाव्य एट्रियल फिब्रिलेशन, मिनिटाला ५० पेक्षा मंद गती, १०० पेक्षा जलद गती, किंवा वर्गीकरण न झालेले. या शेऱ्यापेक्षा आलेखाची पीडीएफ कितीतरी मोलाची आहे, कारण निदान डॉक्टर तिच्यावरून करतात. याच कंपनीच्या एका लीडच्या यंत्राचा वेल्समध्ये ६५ व त्याहून अधिक वयाच्या १००१ व्यक्तींवर अभ्यास झाला. त्यात आठवड्यातून दोनदा नोंद करणाऱ्या गटात वर्षभरात १९ जणांचे एट्रियल फिब्रिलेशन उघडकीस आले, तर नेहमीच्या देखरेखीखालील गटात ५ जणांचे. हा विकार पक्षाघाताचा धोका वाढवतो आणि अनेकदा काहीच जाणवू देत नाही, हे लक्षात घेता हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

एका बाबतीत गैरसमज अजिबात नसावा. हे यंत्र हृदयविकाराचा झटका ओळखत नाही. दवाखान्यातल्या ईसीजीत असणारे छातीवरचे सहा लीड त्यात नाहीतच, त्यामुळे छातीत दुखत असताना ‘सामान्य’ हा शेरा पाहून घरी थांबणे घातक ठरू शकते. पेसमेकर बसवलेल्यांसाठीही त्याची शिफारस केली जात नाही.

अधूनमधून धडधड होणाऱ्यांनी आणि एट्रियल फिब्रिलेशनवरील उपचारानंतर लय टिकून आहे का हे पाहू इच्छिणाऱ्यांनी, डॉक्टरांशी बोलून, हे यंत्र जरूर घ्यावे. प्रकृती ठणठणीत असूनही दर तासाला नाडी तपासण्याचा ज्यांचा स्वभाव आहे, त्यांना मी ते सुचवणार नाही. एखाददुसरा जादा ठोका निरोगी हृदयातही पडतो आणि अशा माणसाची झोप उडवायला तेवढा पुरतो. जादा ठोक्यांची वेगळी ओळख पटवण्यासारख्या काही सुविधा सशुल्क सदस्यत्वात ठेवल्या आहेत, पण नोंद घेऊन ती डॉक्टरांकडे पाठवण्यासाठी त्यांची गरज पडत नाही.