विरीची ताटं, बगॅसचे डबे, स्टार्चच्या पिशव्या: खानावळीत वापरून पाहिल्यावर

गुहागरात माझी घरगुती खानावळ आहे. एकदाच वापरायची प्लास्टिकची ताटं, पेले, चमचे १ जुलै २०२२ पासून देशभर बंद झाले. त्यानंतर बाजारात जे पर्याय आले ते मी रोजच्या पार्सलला वापरते.

मनापासून आवडली ती विरीची ताटं. पोफळीची झावळी गळते तेव्हा तिच्या बुडाची रुंद, चिवट विरी सोबत खाली येते. ती धुवून, भिजवून मऊ करायची आणि तापलेल्या साच्यात दाबायची, की झालं ताट. गोंद नाही, झाडाला कोयता लावणं नाही. गरमागरम आमटी वाढली तरी हे ताट वाकत नाही, सुरमईचा तुकडा दाबून मोडला तरी भोक पडत नाही. पावसाळ्यात मात्र जपावं लागतं. आपल्या दमट हवेत उघड्या गठ्ठ्याला बुरशी धरते, म्हणून मी मेमध्येच कडक उन्हं देऊन पत्र्याच्या डब्यात बंद करते. मला मिळतात ती ताटं कर्नाटकातून येतात आणि इथे वाड्यावाड्यांतून विरी बंबात जाते, याचं फार वाईट वाटतं. चार वाडीवाल्यांनी मिळून साचा घेतला तर मी पहिली गिऱ्हाईक.

बगॅसचे डबे म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चिपाडाचा लगदा दाबून केलेले. भात, तळलेली तुकडी, घावणे यांना उत्तम. उकडीच्या मोदकांना तर यासारखा डबा नाही. वाफ डबाच शोषतो, त्यामुळे पारी चिकट होत नाही. बांगड्याच्या तिखल्याला हे डबे चालतात, पण ते लगेच खायचं असेल तरच. चिपळूणपर्यंत जायचं असेल तर तळ मऊ पडतो. मी खाली केळीचं पान घालते, तेवढ्याने बरंच निभावतं.

काही डब्यांना मक्याच्या स्टार्चपासून बनवलेल्या पीएलए नावाच्या प्लास्टिकचं पारदर्शक झाकण येतं. पीएलए साठ अंशांच्या आसपासच मऊ होतं, म्हणजे वाफाळत्या भातावर ते वाकडं होणारच. सोलकढीच्या पेल्यांना घ्या, तिथे छान बसतं.

स्टार्चच्या पिशव्या मात्र मी बंद केल्या. ओल लागली की ताणतात, माशाच्या काट्याने फाटतात. त्याहून मोठी काळजी वेगळीच आहे. ‘कंपोस्टेबल’ वाचून पर्यटक त्या बिनधास्त पुळणीवर टाकतात. या पिशव्यांत स्टार्चसोबत बहुतेकदा पीबीएटीसारखं पॉलिमर, म्हणजे कुजू शकणारं एक प्लास्टिकच, असतं आणि त्या कुजायला खताच्या ढिगातली ऊब, ओल आणि जिवाणू लागतात. समुद्रात ते होत नाही. आपल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तरंगती पिशवी त्यांच्या पोटात गेली तर ती मक्याची होती म्हणून जीव वाचणार नाही.

तरीही घ्यायच्याच असतील तर पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ आणि उत्पादकाचा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रमाणपत्र क्रमांक पाहूनच घ्या. नुसतं हिरवं पान छापलेलं पुरेसं नाही. माझ्याकडे आता घरून डबा आणणाऱ्याला सोलकढी वाढीव मिळते, आणि गावातले बरेच जण डबा आणू लागलेत.